तानपुरा हलता कामा नये : आमची वाटचाल

पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीजवळ, आमच्या वडिलांनी रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचे दुकान सुरू केले, तेव्हा गिऱ्हाईक बहुधा एकच तक्रार घेऊन येत असे : गाणे हेलकावे खाते. त्या काळच्या बहुतेक यंत्रांत आयडलर असे, म्हणजे मोटरच्या दांड्याला टेकलेले रबरी चाक प्लॅटरची, म्हणजे तबकडी ठेवायच्या फिरत्या थाळीची, कड आतून फिरवत असे. अशा यंत्राला जोर भरपूर असतो. पण रबर कडक झाले किंवा दांड्याला दाबून राहिल्याने त्याला खड्डा पडला, की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला सूर लचकतो आणि खाली घरघर ऐकू येते. वडील चाकाची कड पॉलिश पेपरने एकसारखी घासत, आसाला एक थेंब तेल देत आणि मग विलंबित ख्यालाची तबकडी लावत. मागचा तानपुरा हलला तर काम अपुरे, हा दुकानाचा दंडक त्यांनी घालून दिला आणि आम्ही तो मोडलेला नाही.

बेल्टची, म्हणजे मोटर पट्ट्याने प्लॅटर फिरवते अशी, यंत्रे येऊ लागली तशी घरघर पुष्कळच कमी झाली. 1961 मध्ये अमेरिकेतल्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीने आणलेल्या टर्नटेबलने ही रचना लोकप्रिय केली. तिच्यात मोटरची थरथर पट्ट्यातच जिरते आणि प्लॅटरच्या वजनामुळे वेगातले बारीक चढउतार दबतात. मात्र यातली सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते, आणि भारनियमनाच्या दिवसांत ती वारंवारता 50 हर्ट्झवरून 49 च्याही खाली उतरणे नवलाचे नव्हते. वेग दोन टक्क्यांनी घटला, तर सूर अर्धस्वराच्या साधारण एक तृतीयांश इतका उतरतो, आणि हार्मोनियम शेजारी घेऊन ऐकणाऱ्याला तो खटकतोच.

अशा वेळी वेग तपासायची स्ट्रोबची तबकडीही दगा देते. तिच्यावर मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगासाठीच्या वर्तुळात 180 रेघा असतात आणि सेकंदाला 100 वेळा लुकलुकणाऱ्या दिव्याखाली त्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर, असे मानले जाते. परंतु दिवा आणि मोटर एकाच विजेवर चालत असल्यामुळे वारंवारता उतरली तर दोन्ही सारखीच मंदावतात आणि रेघा जागच्या हलत नाहीत. म्हणून आम्ही क्वार्ट्झ स्फटिकाच्या स्थिर ठोक्यावर, विजेच्या वारंवारतेवर अवलंबून न राहता चालणारा एलईडी दिवा दुकानातच तयार केला, आणि पुढे त्याच तत्त्वावर मोटरला स्थिर 50 हर्ट्झ पुरवणारी पेटीही बनवली. आज या पेटीला सर्वाधिक मागणी आहे, विशेषतः ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांच्याकडून.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये प्लॅटर थेट मोटरच्या आसावरच बसतो. जपानच्या टेक्निक्सने 1970 मध्ये एसपी-10 हे असे यंत्र आणले, आणि 1979 च्या एसएल-1200 एमके2 मध्ये क्वार्ट्झ नियंत्रणामुळे वेगातली चंचलता 0.025 टक्के इतकी खाली आली. वेगाच्या स्थैर्यात आम्ही याच रचनेला पहिला मान देतो; फक्त तिचा जीव इलेक्ट्रॉनिक सर्किटात असतो, त्यामुळे जुने यंत्र घेताना कपॅसिटर आणि वेगाची सरकपट्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

तरीही काही वेळा दोष यंत्रात नसतोच. तबकडीचे भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेले असेल, तर शेवटच्या, सुमारे 60 मिलिमीटर त्रिज्येच्या खाचांत वेग दोन्ही बाजूंना 0.8 टक्क्यांनी हलतो. हा हेलकावा दर 1.8 सेकंदांनी परत येतो आणि वर सांगितलेल्या 0.025 टक्क्यांपुढे तो कितीतरी मोठा असतो. त्यामुळे दुरुस्तीला यंत्र आणणाऱ्यांना आम्ही त्यांच्या नेहमीच्या दोन-तीन तबकड्याही सोबत आणायला सांगतो.