चंद्रावरची विवरे पृथ्वीवर का दिसत नाहीत?

चंद्रावर एवढी विवरे आहेत, मग पृथ्वीवर ती का दिसत नाहीत? नाशिकच्या पांडवलेण्यांच्या डोंगरावर मी दगडांची माहिती द्यायला मंडळींना घेऊन जाते, तेव्हा कुणी ना कुणी हे विचारतेच. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरल्यापासून तर शाळकरी मुलेही विचारू लागली आहेत. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

ही विवरे पडतात ती अवकाशातून आदळणाऱ्या खडकांच्या आघातांनी, आणि पृथ्वीवर असे आघात झालेच नाहीत, असे मुळीच नाही. ग्रह घडले तेच आघातांतून. सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी कोवळ्या सूर्याभोवती फिरणाऱ्या वायू आणि धुळीच्या चकतीत कणाला कण चिकटत खडक झाले, खडकांचे गोळे झाले आणि हे गोळे एकमेकांवर आदळत ग्रहांएवढे वाढले. त्या आघातांच्या आणि किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या उष्णतेने ते इतके तापले की वितळलेले लोह जड असल्यामुळे केंद्राकडे गेले. चंद्रही बहुधा मंगळाएवढा एक गोळा पृथ्वीवर आदळून उडालेल्या द्रव्यातून घडला. पुढेही उरलेसुरले खडक कोसळतच राहिले आणि गुरुत्वाकर्षण जास्त असल्यामुळे पृथ्वीने तो मारा चंद्राहून अधिकच सोसला असणार.

फरक पडला तो नंतर. लहान पातेल्यातले दूध लवकर निवते, तसा चंद्र आतून लवकर थंडावला. त्याच्यावर दिसणारे काळे डाग ही लाव्हाची मैदाने आहेत आणि त्यांतील बहुतेक ३०० कोटी वर्षांहून जुनी आहेत, म्हणजे त्यानंतर पडलेली विवरे बुजवायला नवा लाव्हा फारसा आलाच नाही. पृथ्वी मात्र आतून अजून तप्त आहे. तिचे भूपट्ट, म्हणजे कवचाचे मोठाले तुकडे, सरकतात, सागरतळ एका बाजूला नव्याने तयार होतो आणि दुसऱ्या बाजूला पोटात जातो, त्यामुळे आजचा जवळजवळ सगळा सागरतळ २० कोटी वर्षांहून तरुण आहे आणि जुन्या तळावरची विवरे त्याच्याबरोबरच गेली.

आपला काळा पाषाणही लाव्हाचाच. पांडवलेणी ज्या बेसाल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या पाषाणात, कोरली आहेत, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेल्या लाव्हाचा आहे, आणि अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावरून आणलेल्या दगडांतही बेसाल्ट होता. दोहोंची तुलना मला फार मोलाची वाटते. वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली छिद्रे चंद्रावरच्या काही बेसाल्टमध्येही आहेत, पण ती रिकामी आहेत; आपल्याकडे पाणी शतकानुशतके नव्हे, लक्षावधी वर्षे दगडात झिरपत राहिले आणि त्याने त्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक वाढवले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते अवश्य पाहा. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, तिथे दोन काळ्या थरांमध्ये कधी कधी विटकरी मातीचा पट्टा दिसतो. एक थर थंड होऊन ऊन-पावसाने त्याच्या माथ्याची माती झाली आणि मगच पुढचा लाव्हा तिच्यावरून वाहिला, हे तो पट्टा दाखवतो. हवा आणि पाणी दोन उद्रेकांच्या मधल्या काळातही स्वस्थ बसत नाहीत. विवराची कड त्यांच्यापुढे किती काळ टिकणार?

म्हणूनच पृथ्वीवर आजवर खात्रीने ओळखलेली आघातविवरे जेमतेम २०० च्या आसपास आहेत. त्यांपैकी लोणार आपल्याच बेसाल्टमध्ये आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, आणि त्याच्याही तळाशी गाळ साचला आहे.

यावरून पृष्ठभागाचे वय काढता येते: विवरे जितकी दाट, तितका तो प्रदेश जुना. शुक्र आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा, तरी त्याच्यावर विवरे हजाराच्या आसपासच आहेत, म्हणजे त्याचे आजचे रूप काही दशकोटी वर्षांचेच असावे. चंद्रावरून आणलेल्या दगडांचे वय प्रयोगशाळेत मोजल्यामुळे ही मोजपट्टी पक्की करता आली. मंगळाच्या बहुतेक प्रदेशांची वये मात्र अजून त्याच मोजपट्टीवरून अंदाजानेच काढावी लागतात.