दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीसाठी स्वार घडवताना

लांब पल्ल्याच्या घोडदौडीसाठी नव्या स्वारांना तयार करताना मी वेगाचा विषय पहिले कित्येक आठवडे काढतच नाही. सर्वोच्च पातळीवर एका दिवसात १६० किलोमीटर अंतर कापायचे असते, वाटेत ठरावीक टप्प्यांवर पशुवैद्य घोड्याची तपासणी करतात आणि हृदयाचे ठोके नेमून दिलेल्या वेळेत, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत साधारणपणे मिनिटाला ६४ पर्यंत, उतरले नाहीत तर सर्वांत पुढे असलेली जोडीही तिथेच बाद होते. हा नियम मला मनापासून प्रिय आहे.

माझा सर्वाधिक वेळ जातो तो दुडक्या चालीवर. खोगिरावरून लयीत उठता-बसताना स्वार नकळत घोड्याच्या एकाच पुढच्या पायाशी ताल जुळवतो, आणि तासन्‌तास तसेच चालले की घोड्याची एक बाजू आधी थकते. म्हणून मी दर काही मिनिटांनी एक ठोका जास्त बसायला लावून ताल बदलून घेते. रिकिबीत पाय किती आत असावा, हे त्यामानाने लवकर जमते.

विसाव्याच्या जागी स्वाराने स्वतः पाणी पिण्याआधी घोड्याचा ओठ वर करून हिरडी अंगठ्याने दाबावी. पांढरा पडलेला ठिपका साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला नाही, तर घोड्याच्या शरीरातले पाणी कमी झाले असण्याची शक्यता असते आणि अशा वेळी पशुवैद्याला लगेच सांगावे, शर्यत हातची गेली तरीही.