आता तुम्ही बसा

पवित्र गुरुवार, रात्रीचे पावणेएक

आराधनेहून परत येऊन अर्धा तास झाला तरी डोळ्याला डोळा लागत नाही, आणि कारण म्हणावे तर एवढेच, की तीन आठवड्यांपूर्वी फादर मला म्हणाले, "मावशी, या वर्षी पाय धुण्याच्या विधीला तुम्ही बसा. पुष्कळ वर्षे उभ्या राहिलात." बोलण्यात मायाच होती. तरी घरी पोहोचेपर्यंत त्यातला एकच शब्द माझ्या कानात वाजत राहिला आणि अजून वाजतो आहे. बसा.

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून या गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. आमच्याकडे पूर्वी ते बाराही पुरुषच बसत. २०१६ च्या जानेवारीत रोमहून नवा आदेश निघाला, स्त्रियांचेही पाय धुण्याची मोकळीक मिळाली, आणि तेव्हापासून दरवर्षी चारपाच बायका त्या बाकावर दिसू लागल्या. पण त्यांत मला बसवावे असे इतक्या वर्षांत कोणाच्याही, अगदी माझ्याही, मनात आले नाही, कारण मग घंगाळ आणि टॉवेल घेऊन फादरांच्या मागे कोण राहणार होते? ज्याला बसायला सांगतात त्याचे काम दुसऱ्या कोणाच्या तरी हाती गेलेले असते, एवढे मला कळते. या वर्षी ते चर्चमधल्या एका धाकट्या मुलीकडे गेले आहे. पोर गुणाची आहे. तिच्याविषयी मला काहीही म्हणायचे नाही.

बहात्तरच्या दुष्काळात सिस्टरांच्या हाताखाली सुकडी वाटायला उभी राहिले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्यानंतर गरिबांना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या घरभेटी आल्या, विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलून भरलेले रेशनकार्डाचे अर्ज आले, १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपातले जखमी सोलापुरात आणले तेव्हा त्यांच्या उशाशी काढलेल्या रात्री आल्या. हे गेले त्या वर्षीही नाताळचा गोठा मीच मांडला होता, ते असो. आणि हे सारे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे, कारण उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नये असे धर्मशिक्षणाच्या वर्गात चाळीस पोरांना शिकवणारी मी, इथे दिव्याखाली बसून रकमांची बेरीज मांडते आहे.

मोठ्या कामांचे दुःख नाहीच. दुःख कापडांचे आहे. चषक पुसण्याचे रुमाल आणि वेदीवरची कापडे १९८१ पासून माझ्याकडे होती. त्यांचे पहिले पाणी मोरीत सोडायचे नसते, ते मातीत मुरवायचे असते. म्हणून मी ते मोगऱ्याच्या मुळाशी ओतत आले, मग साबण, मग साबुदाण्याची पातळ खळ, आणि ओलसर असतानाच इस्त्री, घड्या अशा की उलगडल्यावर नऊ चौकोन दिसावेत. नळाला चारपाच दिवसांआड पाणी येणाऱ्या या गावात मी घरचे कपडे बाजूला ठेवले, पण देवाच्या कापडांसाठी एक बादली नेहमी झाकून ठेवली. ती बादली गेले तीन आठवडे रिकामी आहे. कोणी सांगितले नव्हते, तरी सांगितल्यासारखीच.

आजचे काय सांगावे? काल रात्री वज्रीने टाचा घासल्या, भेगांत खोबरेल भरले आणि एकाहत्तराव्या वर्षी ही कसली हौस म्हणून स्वतःशीच चिडले. बाकावर मला शेवटून दुसरी जागा होती. धाकटीने घंगाळ डावीकडे ठेवले. ते उजवीकडे हवे, नाहीतर फादरांना प्रत्येक वेळी अंग वळवावे लागते. टॉवेल तेच, आपल्या इथल्या कारखान्यातून डझनाने आणलेले, धुऊन धुऊन मऊ झालेले. मग माझ्या लक्षात आले की हात धुण्यासाठी साबणाची वडी आहे, पण शेजारच्या बशीत अर्धे लिंबू नाही, आणि मी नकळत अर्धी उठले. शेजारच्या बाईंनी माझा पदर खाली ओढला आणि त्याही तेच म्हणाल्या, "बसा हो."

पाणी गार होते. फादरांनी पाय हातात घेतला तेव्हा मला रडू येईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मनात आले ते असे, की फरशीवर सांडलेले हे पाणी पुसायला फडके कुठे ठेवले आहे? पेत्राने पाय मागे ओढले याला आम्ही आजवर नम्रता म्हणत आलो. आज त्या जागी बसल्यावर वाटले, तो जाळी ओढणारा, कामाचा माणूस होता. दुसऱ्याने वाकून आपले काही करावे हे कामाच्या माणसाला सोसतच नाही. धुऊ दिले नाहीस तर माझ्यात तुला वाटा नाही, असे प्रभूने त्याला बजावले. मला कोणी बजावले नाही, नुसता पदर ओढला. पण पाय मी मागे घेतला नाही, एवढे माझ्या नावावर लिहून ठेवते.

विधी संपल्यावर घंगाळातले पाणी घेऊन धाकटी मोरीकडे निघाली होती. मी काही बोलणार नव्हते. तिचीच पावले दारात थांबली आणि ती कुंड्यांकडे वळली. कुठे पाहिले असेल तिने?

आत्ता तिचा व्हॉट्सॲपवर निरोप आला आहे: "मावशी, चर्चच्या सामानाच्या खोलीत अकराच टॉवेल भरतात. एक कुठे गेला?" मी पिशवी उघडून पाहिली. प्रार्थनेच्या पुस्तकाखाली, नीट चौघडी घालून, ओला टॉवेल होता. तो मी कधी उचलला आणि कधी आत ठेवला ते देवच जाणे. तिला कळवले, की माझ्याकडे आहे, उद्या नळाची पाळी आहे, धुऊन आणते; आणि लिंबू विसरू नकोस.