मे दा पेना: सालामांकातले चार आठवडे

स्पेनमधल्या सालामांकाला पोचले तेव्हा ऊन कलत आलं होतं. तिथल्या जुन्या इमारती जवळच्याच एका गावच्या वालुकाश्मात बांधलेल्या आहेत. संध्याकाळी तो दगड असा पिवळाधमक होतो की प्लाझा मायोरच्या चौकात मी सामानासकट नुसती उभी राहिले. १२१८ सालापासूनचं विद्यापीठ या गावात आहे आणि स्पॅनिश शिकायला इथे जगभरातून माणसं येतात. मीही त्यातलीच. पुण्यात दोन वर्षं इंग्रजी पुस्तकावरून शिकले होते. क्रियापदांची रूपं तोंडपाठ होती, पण मनातलं काही सांगायचं म्हटलं की गाडी अडायची.

ज्या बाईंकडे राहिले त्या सत्तरीच्या होत्या. मी त्यांना 'सेन्योरा' म्हणायचे, त्या मला 'इखा' म्हणायच्या, म्हणजे पोरी. तिसऱ्या दिवशी तोर्तियासाठी, म्हणजे तिथल्या बटाट्याच्या ऑम्लेटसाठी, बटाटे चिरता चिरता त्या इमारतीच्या जुन्या लिफ्टबद्दल म्हणाल्या, "मे दा मिएदो." मी सवयीने डोक्यात इंग्रजी जुळवू लागले, 'ती मला भय देते', आणि मध्येच थांबले. अहो, हे तर 'मला भीती वाटते'! त्यातला 'मे' म्हणजे आपला 'मला'. मे दा राबिया, मला राग येतो. मे दा आस्को, मला किळस येते. मे गुस्ता, मला आवडतं. भावना आपण करत नाही, ती आपल्याला येते, वाटते, होते, हे मराठीला आधीपासून ठाऊक आहे. मी मात्र दोन वर्षं उगाच इंग्रजीला वळसा घालून जात होते.

त्या रात्री वही काढून मी सगळे शब्द मराठीत नव्याने लिहिले. 'बेर्ग्वेन्था आखेना' म्हणजे दुसऱ्याच्या वागण्याची आपल्याला वाटणारी लाज. भर लग्नात कुणीतरी नको ते बोलतं, त्याला काहीच नसतं आणि आपल्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होतं, ते.

तरी घोळ झालाच. सेन्योरांचा मुलगा जर्मनीत असतो. दर रविवारी त्याचा फोन यायचा, एका रविवारी आला नाही. त्या फोनकडे बघत बसल्या होत्या. मला फार वाईट वाटलं आणि मी म्हणाले, "मे दास पेना." त्यांचा चमचा कपातच थांबला. एका 'स'ने घात केला होता. 'मे दा पेना' म्हणजे मला वाईट वाटतं. 'मे दास पेना' म्हणजे मला तुझी कीव येते. त्यांनी रागावून नाही, हात धरून समजावलं. शेजारच्या खोलीतली मेक्सिकोची विद्यार्थिनी म्हणाली, आमच्याकडे तर 'मे दा पेना' म्हणजे मला लाज वाटते. शब्द तोच, समुद्र ओलांडला की भावना वेगळी.

मला सगळ्यात आवडलेला शब्द 'इलुसिओन'. याचा इथे भ्रमाशी संबंध असेलच असं नाही. मुलगा नाताळला येणार हे कळल्यावर सेन्योरा दोन्ही हात छातीशी नेऊन म्हणाल्या, "मे आथे मुचा इलुसिओन!" शब्दकोशात त्याला 'उत्सुकता' म्हटलंय, पण ते फिकं आहे. आपण म्हणतो ना, कधी एकदा पोरगा घरी येतोय असं झालंय? अगदी तेच.

निघायच्या दिवशी त्या बसस्टँडपर्यंत आल्या. चांदीच्या कागदात गुंडाळलेला तोर्तियाचा पाव हातात ठेवला, अजून गरम होता. म्हणाल्या, "मे दा पेना, इखा."

"आ मी ताम्बिएन," मी म्हणाले. मलाही. पहिल्या आठवड्यात मी अशा वेळी 'यो ताम्बिएन' म्हणायचे, म्हणजे 'मीही', आणि वर्गात बाई दरवेळी दुरुस्त करायच्या. आज ते ओठांवर आलंसुद्धा नाही.