‘सर, एकदा बेस ऐकून तर बघा!’

मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्पीकर कुठे ठेवलेले असतात बघितलंय का कधी नीट? टीव्हींच्या भिंतीच्या बरोब्बर खाली. वर पंधरा-वीस टीव्ही, सगळ्यांवर तेच रंगीत पोपट आणि तोच धबधबा, खाली ओळीनं साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचे लांब दांड्यासारखे स्पीकर), कोपऱ्यात लुकलुकत्या दिव्यांचे उभे पार्टी स्पीकर, पलीकडे कोणीतरी मिक्सर चालू करून बघतंय, डोक्यावर एसीची घरघर, आणि अशा जागी आपण म्हणे कानांनी ऐकून वस्तू निवडायची. आई साडी घेताना दुकानाच्या दाराशी उजेडात नेऊन रंग बघते, तशी काही सोय स्पीकरला नाही.

आमच्याकडे विषय निघाला तो बाबांमुळे. टीव्हीवरचं बोलणं त्यांना कळेनासं झालंय. म्हणजे ऐकू येतं पण शब्द लागत नाहीत, दर दोन मिनिटांनी ‘काय म्हणाली ती?’ आणि मग आईचं ‘अहो कान तपासून घ्या’. कान तपासले, वयाप्रमाणे आहेत. खरं दुखणं असं की वयानं कमी होतं ते आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं, आणि स, फ, थ, ट असली व्यंजनं वेगळी ओळखू येतात ती त्याच भागामुळे. त्यात नवे टीव्ही इतके चपटे की स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले, आवाज आधी भिंतीवर आपटणार आणि मग आपल्याकडे येणार. दुसरी मागणीही बाबांचीच, सकाळचे अभंग. ते फोनवर लावतात आणि फोनमधून पखवाज म्हणजे टिचकी मारल्यासारखा वाजतो. तर शब्द कळले पाहिजेत आणि पखवाज पखवाजासारखा वाटला पाहिजे, एवढीच यादी घेऊन मी हिंडत होतो.

दुकानात शिरल्यावर पहिली गोष्ट लक्षात घ्या, तुमच्याकडे धावत येणारा टी-शर्टवाला मुलगा बऱ्याचदा त्या दुकानाचा नसतोच, एखाद्या कंपनीचा प्रमोटर असतो. त्याचा पगार आणि टार्गेट कंपनीकडून. म्हणून तर तुम्ही एका साउंडबारसमोर उभे राहिलात की तो हळूच दंडाला धरल्यासारखं करून शेजारच्याकडे नेतो. ह्यात त्याचा काही दोष नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या कंपनीच्या मालाबद्दल ह्याच पोरांना सगळ्यात जास्त माहिती असते, कुठलं पोर्ट कुठे, रिमोट कुठे अडकतो, कुठलं मॉडेल रिपेअरला परत येतं (हे शेवटचं जरा बाजूला घेऊन चहाच्या सुरात विचारावं लागतं). फक्त दोन कंपन्यांत तुलना करायला त्याला सांगू नका.

मला भेटलेला पोरगा गोड होता. मी म्हटलं, वडिलांना डायलॉग कळत नाहीत. तो म्हणाला, ‘सर एकदा बेस ऐकून तर बघा!’ आणि रिमोट घेऊन असं काही लावलं की काचेच्या शोकेसमधले इअरफोनचे डबे थरथरायला लागले. हेलिकॉप्टर, काच फुटली, मग धाडधाड ढोल. मी परत म्हटलं, बातम्या लावता येतील का, कोणीतरी नुसतं बोलतंय असं काहीतरी. त्याला खरंच कळेना की हा माणूस स्पीकर घ्यायला येऊन बातम्या का ऐकतोय.

आणि इथेच सगळी गंमत आहे, कारण खालचा दणका, म्हणजे हा बेस, आपला खर्ज, वाढला की वरचे बारीक आवाज त्याच्याखाली झाकले जातात, हा कानाचा स्वभावच आहे. खर्ज वरच्यांना सहज दाबतो, वरचे खर्जाला तितकेसे दाबू शकत नाहीत. म्हणजे ज्या माणसाला शब्द लागत नाहीत त्याला जास्त बेसवालं यंत्र विकणं म्हणजे उलटा उपचार. पण दुकानाला दुसरं काही दाखवता येत नाही हेही आहेच, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, उंच छत आणि चारी बाजूंनी मोकळं, तिथे खर्ज पसरून जातो. मग तो उठून दिसावा म्हणून सबवूफर (नुसत्या खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) फुल, मूव्ही मोड चालू, बेस बूस्ट चालू. तेच सेटिंग घरी दहा बाय बारात आणलं की काय होतं ते माझ्या साडूच्या घरी जाऊन ऐका. त्यानं दसऱ्याला कमरेएवढा पार्टी स्पीकर आणला, हॉलमध्ये ठेवायला जागा फक्त कोपऱ्यात, आणि आता कुठलंही गाणं लावलं तरी एकच सूर घुमत राहतो, बुंsss. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा येऊन गेल्या.

तो एकच सूर का घुमतो ह्याचं गणित सोपं आहे, आणि मला ते इतकं आवडलंय की सांगितल्याशिवाय राहवत नाही. खोलीची लांबी मीटरमध्ये घ्या आणि १७२ ला तिनं भागा (आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, त्याच्या निम्मे). बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, उत्तर ४७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४७ कंपनं. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर ५६ हर्ट्झ. साडेनऊ फुटांचं छत धरलं तर ५९. ह्या ह्या सुरांना तुमची खोली स्वतःहून साथ देणार, स्पीकर कितीही भारी असला तरी. आणि खोली दहा बाय दहा असेल तर लांबी-रुंदी दोघींचा सूर एकच, ५६, म्हणजे डबल घुमणार. बिल्डर लोक चौरस खोल्या का बांधतात देव जाणे. वरून व्हिट्रिफाइड टाइल्स, उघड्या भिंती, काचेची सरकती दारं. रिकाम्या हॉलमध्ये एक टाळी वाजवून बघा, मागे टर्रर्र असं शेपूट ऐकू आलं तर बोलणंही तसंच गिचमिड होणार. जाड पडदे, सतरंजी, गादीवाला दिवाण, पुस्तकांचं कपाट ह्यांनी ते शेपूट बरंच कमी होतं. खर्जाचं घुमणं मात्र सतरंजीनं जात नाही, त्याला सबवूफर हलवणं नाहीतर कमी करणं हाच उपाय.

हलवण्याची एक जुनी युक्ती आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर आपण बसतो तिथे ठेवायचा, एखादं खर्जाचं गाणं लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत खोलीभर फिरायचं. जिथे घुमत नाही आणि सूर सारखे ऐकू येतात तिथे तो ठेवायचा. मी हे साडूच्या घरी करत होतो, सबवूफर नव्हता म्हणून तो अख्खा स्पीकरच दोघांनी सोफ्यावर चढवला, तेव्हा त्याच्या आईनं आतून येऊन विचारलं, ‘काय हरवलंय रे?’

आता दुकानात ऐकायचं कसं. गाणी आपली न्या, रोज ऐकून पाठ झालेली. मी एक अभंग नेला होता ज्यात टाळ, चिपळ्या आणि पखवाज तिन्ही आहेत, एक तबल्याचा तुकडा आणि बातम्यांची एक क्लिप. टाळ चांगल्या स्पीकरवर झणकारतो आणि मागे त्याची नाद सोडत जाणारी रेघ राहते, वाईटावर नुसता सळसळतो, पत्र्यावर वाळू टाकावी तसा. डग्ग्याचा घुमारा वर चढताना आणि उतरताना ऐकू आला पाहिजे, सगळ्या थापा एकाच उंचीवर ‘धप धप’ आल्या तर पुढच्याकडे चला. प्रमोटर ब्लूटूथवर लावायला बघतो, शक्यतो पेनड्राइव्ह द्या, पण काही साउंडबारचं यूएसबी फक्त एमपीथ्री वाचतं म्हणून एमपीथ्री आणि त्याहून चांगल्या प्रतीच्या अशा दोन्ही प्रकारच्या फाइल्स ठेवा. सगळे मोड बंद करायला सांगा, बेस-ट्रेबल शून्यावर. आणि दोन स्पीकर शेजारी ऐकताना आवाज सारखा करून घ्या, हे फार म्हणजे फारच महत्त्वाचं, कारण दोघांत जो जरासा मोठा असेल तोच आपल्याला ‘चांगला’ वाटतो, जरासा म्हणजे एखाद डेसिबलसुद्धा पुरतो, मोठा वाजतोय हे कळतही नाही. फोनवर आवाज मोजायचं फुकट ॲप मिळतं, आकडा अगदी खरा नसला तरी दोघांत तुलना करायला चालतो.

जायचं तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी दुकान उघडताना. पाडव्याला, दसऱ्याला, धनत्रयोदशीला ऑफर असते पण कान वापरता येत नाहीत.

वॉटबद्दल तर बोलायलाच नको पण बोलतो. नव्वदच्या दशकातले डेक आठवतायत का, ज्यांच्यावर सोनेरी स्टिकर असायचा, हजार वॉट पीएमपीओ? त्या पीएमपीओला मोजायचं कुठलंच ठरलेलं माप नव्हतं, कंपनीच्या मनात येईल तो आकडा. आता बॉक्सवर आरएमएस (म्हणजे सलग देता येणारे वॉट) लिहितात, पण बारीक अक्षरात बघा, बऱ्याचदा दहा टक्के डिस्टॉर्शनला मोजलेलं असतं, म्हणजे आवाज फाटायला लागल्यावरचा आकडा, आणि सगळ्या चॅनेलची बेरीज. त्याच डब्यामागच्या स्टिकरवर वीज किती खातो ते वाचा, कित्येकदा बॉक्सवर सहाशे आणि मागे साठ असं काहीतरी सापडतं. (मागचा आकडा सरासरी वापराचा असतो, त्यामुळे सरळ तुलना करणं बरोबर नाही हे मान्य, तरी अंदाज येतो.) शिवाय वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, आणि कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. घरात बसून ऐकायला बहुतेक वेळ एक-दोन वॉटच खर्च होत असतात. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी विचारा, म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर तो किती डेसिबल वाजतो, ८४ वाला आणि ९० वाला ह्यांत चौपट वॉटचा फरक आहे. मी विचारली तेव्हा तो गोड पोरगा म्हणाला, ‘हो सर, टच सेन्सिटिव्ह आहे.’

साउंडबारवर २.१, ३.१, ५.१.२ असं लिहिलेलं असतं, ह्यातला पहिला आकडा बघा. डायलॉगसाठी घेत असाल तर तीन किंवा जास्त हवा, कारण तिसरा म्हणजे मधला, बोलण्यासाठी वेगळा स्पीकर. टिंबानंतरचा एक म्हणजे सबवूफर. शेवटचा दोन म्हणजे छताकडे तोंड केलेले, छतावर आपटून आवाज खाली येणार असा हिशोब, आणि त्याला छत सपाट आणि टणक लागतं. आमच्याकडे पीओपीच्या तीन पायऱ्या, मधे खड्डा आणि त्यात पंखा, तेव्हा तो प्रश्न मिटला.

एक गोष्ट मात्र मला दुकानात ऐकताना कळली आणि नंतर तिचं कारण समजलं. स्वस्तातल्या २.१ साउंडबारमध्ये समोरच्या दांड्यात इतके छोटे स्पीकर असतात की दीड-दोनशे हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे ढकलावं लागतं. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० मध्ये असतो. म्हणजे बुवा गातायत समोरून आणि त्यांची छाती वाजतेय सोफ्यामागच्या कोपऱ्यातून! अभंग लावल्यावर हे इतकं विचित्र वाटलं की साउंडबारचा विषयच माझ्या डोक्यातून गेला.

मग पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपास चकरा मारल्या, आणि शेवटी एका लहान दुकानातून पाच इंची बुकशेल्फ स्पीकरची जोडी आणि एचडीएमआय असलेला छोटा ॲम्प (स्पीकरना ताकद देणारा डबा) घेतला. सबवूफर नाही. साउंडबारच्या बजेटपेक्षा थोडे जास्त गेले. ह्या दुकानात मागे एक खोली होती, साधारण आमच्या हॉलएवढीच, दार लावून बसता येत होतं, आणि मालक स्वतः गप्प बसला हे विशेष. मधला स्पीकर नसला तरी बाबा दोघांच्या बरोब्बर मधे बसतात म्हणून बोलणं मधूनच येतंय असं वाटतं, आई बाजूच्या खुर्चीवर असते तिला ते तितकं नाही मिळत, पण तिला तसंही सगळं ऐकू येतं. टीव्हीला जोडताना एचडीएमआयचं ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारं) लिहिलेलंच पोर्ट वापरा, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमी-जास्त होतो. ऑप्टिकल केबलनं जोडलं की बहुतेक वेळा दुसरा रिमोट गळ्यात पडतो, आणि आमच्या घरी दोन रिमोट म्हणजे रोज ‘तो कुठला?’

आणि काउंटरवर बिल करताना जी हजार-दोन हजारांची सोनेरी टोकांची केबल दाखवतात ती घेऊ नका. तीन-चार मीटरला दीड स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची दोन पदरी वायर पुरते, तिथल्याच तपकीर गल्लीत मीटरवर मिळते. फक्त लाल खूण दोन्हीकडे प्लसलाच लावायची, एक उलटी लागली की बेस गायब होतो आणि गाणारा खोलीत कुठेच सापडत नाही.