जुन्या गाडीचा क्लच: न्यूट्रल का सापडत नव्हता

आधी गाडीची, म्हणजे माझ्या जुन्या मोटरसायकलची, तक्रार. इंजिन थंड असताना फारसं काही जाणवत नाही. गरम झालं, की उभ्या गाडीला न्यूट्रल लागत नाही, पहिल्यातून थेट दुसऱ्यात जातो, नाहीतर परत पहिल्यात. क्लच पूर्ण दाबून पहिल्या गिअरमध्ये थांबलं तर गाडी पुढे ओढत राहते, ब्रेक धरावा लागतो. इंजिन बंद केलं की न्यूट्रल लगेच पडतो.

या शेवटच्या गोष्टीवरूनच गिअरबॉक्स उघडण्याचा बेत रद्द केला. गिअर सरकवणारा शिफ्ट फोर्क किंवा ड्रम झिजला असता तर बंद इंजिनालाही न्यूट्रलने दगा दिला असता. इंजिन चालू असतानाच त्रास होतो, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये, ड्रॅग आहे.

नव्या मंडळींसाठी एवढं सांगतो. क्लचमध्ये फायबर (घर्षणाच्या) आणि स्टील प्लेटांची एकाआड एक चवड असते. फायबर प्लेटांचे कान बाहेरच्या बास्केटच्या बोटांत बसतात, स्टील प्लेटा आतल्या हबवर. स्प्रिंगा प्रेशर प्लेटने ही चवड दाबून धरतात, आणि लिव्हर दाबला की पुशरॉड नावाचा दांडा प्रेशर प्लेट उचलून प्लेटा मोकळ्या करतो. चढावर वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तो स्लिप. माझा प्रकार बरोबर उलटा. झिजलेल्या फायबर प्लेटा, दमलेल्या स्प्रिंगा, चुकीचं ऑइल, ताणून बसवलेली केबल हे सगळे स्लिपचे संशयित. ड्रॅगला ढिली केबल, वाकलेल्या स्टील प्लेटा आणि बास्केटला पडलेल्या खाचा बघायच्या. दोन्ही तक्रारींवर सरसकट 'प्लेटा बदल' हाच सल्ला मिळतो, म्हणून मी आधी मोजायचं आणि मग काय घ्यायचं ते ठरवायचं, असं केलं.

केबल

इंजिनाच्या क्लचकडच्या कव्हरला हात लावण्याआधी केबल. लिव्हरच्या टोकाला फ्री प्ले, म्हणजे केबल ताणायच्या आधीची मोकळी हालचाल, बोटभराहून जास्त होता. तो मॅन्युअलप्रमाणे १० ते १५ मिमीवर आणला, ड्रॅग थोडा कमी झाला, गेला नाही. केबल काढून तपासली तर लिव्हरकडच्या निपलजवळ (टोकाच्या गोळ्याजवळ) दोन तारा तुटलेल्या. अशी केबल ताणली की दाबताना लांबते आणि आत पोचायला हवी ती हालचाल वाटेतच संपते. नवी टाकली. आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये जाड ग्रीस भरू नका, धूळ धरून ती जड होते. जुन्या, अस्तर नसलेल्या केबलला मात्र वरून पातळ ऑइल थेंबथेंब सोडून खालून बाहेर येईपर्यंत लटकवून ठेवावं.

एक गैरसमज वारंवार ऐकू येतो, प्लेटा झिजल्या की लिव्हर ढिला होतो. होतं उलट. प्लेटांची चवड पातळ झाली की प्रेशर प्लेट आत सरकते आणि फ्री प्ले कमी होतो. लिव्हर आपोआप ढिला पडत असेल तर केबल लांबतेय किंवा पिव्हट झिजलाय.

कव्हर

ऑइल काढलं, किक काढली, मग स्क्रू. जुन्या जपानी धाटणीच्या गाड्यांवर जे चौफुलीचे स्क्रू असतात ते दिसायला फिलिप्ससारखे, पण जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे. साधा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही आणि डोकं खराब करतो. जेआयएस बिट लावून इम्पॅक्ट ड्रायव्हरवर एक हातोडी, सगळे सुटले. लांब-आखूड स्क्रू पुठ्ठ्यावर कव्हरच्याच आकारात टोचून ठेवले. कव्हर रबरी हातोडीने हलवून सोडवलं. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटलं तर पॅकिंगच्या जागेवर चरा पडतो आणि तिथून ऑइल पाझरतं.

मोजमाप

माझ्या गाडीला पाच फायबर आणि चार स्टील प्लेटा. फायबरची नवी जाडी ३ मिमी, मॅन्युअलची मर्यादा २.६. व्हर्नियरवर सगळ्या २.८ च्या आसपास. जळका वास नाही, काचेसारखी चकाकी नाही. स्प्रिंगांची मोकळी लांबीही मर्यादेत, आणि सगळ्या सारख्या. म्हणजे 'प्लेटा बदल' ऐकून नवा सेट टाकला असता तर ड्रॅग तसाच राहिला असता.

स्टील प्लेटा जाड काचेवर एकेक ठेवल्या आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) खालून फिरवली. दोन सरळ. तिसरीखाली ०.३ मिमीचं पान सहज गेलं, चौथीखाली थोडं अडखळत. तिसरीच्या एका बाजूला निळसर पट्टा होता, म्हणजे कधीतरी ती चांगलीच तापली होती. मॅन्युअलची मर्यादा ०.२.

०.३ ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशोब करून बघा. लिव्हर पूर्ण दाबल्यावर प्रेशर प्लेट उचलली जाते फार तर दीड मिलिमीटर. पाच फायबर प्लेटांच्या दहा बाजू, म्हणजे ती उचल दहा फटींत वाटली जाते. प्रत्येकीच्या वाट्याला ०.१५ मिमी. त्यात एक प्लेट ०.३ ने वाकडी असेल तर ती शेजारच्या दोन्ही फायबर प्लेटांना टेकलेलीच राहणार, क्लच कितीही दाबा. वर केबल ढिली असेल तर उचल एक मिलिमीटरवर येते आणि फट ०.१ वर. माझ्या गाडीत हे दोन्ही एकत्र होतं, म्हणून नुसती केबल ठीक करून अर्धाच फरक पडला. इंजिन तापल्यावर पत्रा आणखी वाकडा होतो, म्हणून गरम झाल्यावर त्रास जास्त.

बास्केट

प्लेटा काढल्यावर बास्केटच्या बोटांवरून नख फिरवलं. नख अडकतं. फायबर प्लेटांचे कान वर्षानुवर्षं ॲल्युमिनियमवर आपटून त्यांच्या रुंदीच्या खाचा पडतात. क्लच सुटताना प्लेट या बोटांवरून सरकायला हवी, ती खाचेत अडकून बसते. लिव्हर सोडताना गाडी धक्का देत उठते, तीही बऱ्याचदा याचमुळे.

माझ्या खाचा उथळ होत्या, म्हणून कानस. बास्केट बाहेर काढूनच, कारण ॲल्युमिनियमचा कीस इंजिनात गेलेला परवडत नाही. हबच्या नटाचं वॉशर दुमडलेलं असतं, ते आधी सरळ करा. हब धरायला एक जुनी फायबर आणि एक जुनी स्टील प्लेट एकमेकींना बोल्टने जोडून घेतली, बास्केट आणि हब दोन्ही एकत्र अडकतात आणि नट निवांत सुटतो. चपटी बारीक कानस, बोटाच्या बाजूला समांतर, फक्त उंचवटे उतरेपर्यंत. खाच पूर्ण नाहीशी होईपर्यंत घासत बसलात तर कानांना खेळायला जागा वाढते, क्लच खडखडतो आणि नवी खाच आणखी लवकर पडते. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर माझ्या मते कानशीचा नाद सोडून बास्केट बदलावी.

जुळणी

नव्या आणल्या त्या फक्त चार स्टील प्लेटा आणि पॅकिंग. स्टील प्लेट साच्यातून कापलेली असते, एका बाजूची कड गोलसर, दुसरीची बोटाला टोचणारी. सगळ्यांच्या गोल कडा एकाच दिशेला ठेवल्या. फायबर प्लेटा जुन्याच, तरी बसवण्याआधी ऑइलमध्ये बुडवून घेतल्या. नव्या कोरड्या फायबर प्लेटा असतील तर रात्रभर बुडू द्या. काही गाड्यांत सगळ्यात बाहेरच्या फायबर प्लेटचे कान वेगळ्या, आखूड खाचेत बसतात, म्हणून उघडताना फोटो काढा.

स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. एम६ बोल्ट आहेत, १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं. हबचे ॲल्युमिनियमचे खांब जास्त जोर सहन करत नाहीत.

जास्त ताठ स्प्रिंगा टाकण्याचा सल्ला बरेच जण देतात. साध्या इंजिनाला मी टाकणार नाही. स्लिप नसताना त्यातून मिळतो तो फक्त जड लिव्हर, आणि केबल, पुशरॉड, रिलीज बेअरिंग या सगळ्यांवर विनाकारण ताण.

पुशरॉड माझ्या गाडीत शाफ्टमधून पलीकडून येतो, त्यामुळे कव्हर लावण्याआधीच लिव्हर दाबून बघता आलं. आतला ॲडजस्टर आधी: लॉकनट सैल करून स्क्रू हलका टेकेपर्यंत आत, मग पाव फेरा मागे. नंतरच केबल. हा क्रम उलटा केला तर केबल कितीही फिरवा, फ्री प्ले धड जमत नाही. प्रेशर प्लेटची उचल तीन जागी मोजली, तिन्हीकडे जवळपास सारखी. एका बाजूने कमी उचलली असती तर एखादी स्प्रिंग तिरकी बसली आहे असं समजून परत उघडलं असतं.

ऑइल जेएएसओ एमए चंच घातलं, म्हणजे ओल्या (ऑइलमध्ये चालणाऱ्या) क्लचसाठी असलेल्या जपानी मानकाचं. २००६ पासून एमए चे एमए१ आणि एमए२ असे पोटभाग आहेत, ओल्या क्लचला दोन्ही चालतात. एमबी मात्र कमी घर्षणाचं, ते घालू नका.

सध्याची स्थिती

गरम इंजिनाला, उभ्या गाडीवर न्यूट्रल लागतो. पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून थांबलं तर गाडी जागची हलत नाही. सकाळी पहिल्यांदा गिअर टाकताना 'खट्' आवाज अजून येतो. तो थंड ऑइलने चिकटलेल्या प्लेटांचा, बहुतेक जुन्या ओल्या क्लचला असतोच. चालू करण्याआधी क्लच दाबून दोन-तीन किका मारल्या की निम्मा होतो.

बाकी काम: पुशरॉडचं ऑइल सील चेनच्या बाजूला घाम धरतंय, ते चेन-स्प्रॉकेट उघडेन तेव्हा. लिव्हरचा पिव्हट बोल्टही अंडाकृती झिजलाय. तो बदलल्यावर फ्री प्ले पुन्हा बसवावा लागेल, आकडे तेव्हा टाकतो.