७२ मिनिटांची फिल्म ७५ मिनिटं चालली

आमचा माहितीपट कानबाईच्या गाण्यांवर आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी सजवतात, भाऊबंद एकत्र येऊन रोट करतात, रात्रभर जागरण होतं आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. त्या जागरणात बायका अहिराणीत जे गातात, ते अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आम्ही काही श्रावण सलग जाऊन रेकॉर्ड केलं. वाद्य जवळपास नाहीच. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. ओळ टाकणाऱ्या बाईंना सगळं गाव जिजी म्हणतं, मीही तेच म्हणतो. फिल्म त्यांच्या गळ्यावर उभी आहे.

फिल्म पूर्ण झाली की ती महोत्सवांना पाठवायची, एवढंच लोकांना माहीत असतं. त्यातलं खरं काम कुणाला दिसत नाही. प्रवेश फी बहुतेक ठिकाणी डॉलरमध्ये, आणि मुदत संपत आली की ती वाढते. बऱ्याच महोत्सवांचं नाव फक्त वेबसाइटवर असतं, थिएटर कुठेच नसतं. फी घेतात आणि पोस्टरवर छापायला पानांची माळ, म्हणजे निवडीचं चिन्ह, पाठवतात. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेल्या फिल्मला महोत्सवापुरती सूट मिळते, ती १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली, आणि ती आयोजकांनी मंत्रालयाकडून घ्यायची असते. माहितीपटांचा मुंबईचा मिफ महोत्सव १९९० पासून भरतो, पण दोन वर्षांतून एकदा. त्याची तारीख हुकली तर पुढच्या वेळेपर्यंत फिल्म जुनी झालेली असते. अर्जात भाषेचा रकाना असतो. २०११ च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांची भाषा 'खान्देशी' (अहिराणी त्यातच येते) म्हणून मराठीपासून वेगळी मोजलेली आहे, तरी आमच्या निर्मात्याचं म्हणणं 'मराठी' लिहू, निवडणाऱ्यांना निदान ओळखीचं वाटेल. मी दर वेळी अहिराणीच लिहिलं.

आणि प्रीमियर. मोठे महोत्सव विचारतात की फिल्म याआधी कुठे दाखवलीत. गावात पडदा लावून जाहीर दाखवली तर काही ठिकाणी तोही प्रीमियर धरला जाऊ शकतो, म्हणून निर्मात्याने बजावून ठेवलं होतं की पहिली निवड होईपर्यंत गावात काही नाही. ज्यांची फिल्म त्यांनीच शेवटी बघायची, ही रीत मला तेव्हाही पटली नव्हती आणि आता तर मुळीच पटत नाही.

पहिली निवड परराज्यातल्या एका महोत्सवात झाली. प्रवासाचे पैसे नव्हते, त्यामुळे आमच्यापैकी कुणी गेलं नाही, नुसता डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची डिजिटल प्रत, गेला. थिएटरच्या सर्व्हरवर फिल्म जी वाजते ती एका व्हिडिओ फाइलसारखी नसते. प्रत्येक फ्रेम वेगळी दाबून ठेवलेली असते, रंग वेगळ्या पद्धतीने मांडलेले असतात, आवाज वेगळ्या फाइलमध्ये असतो, आणि हे सगळं लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या हार्ड डिस्कवर जातं. ती डिस्क साध्या विंडोज कॉम्प्युटरला लावली की तो विचारतो, फॉरमॅट करू का? कुणी 'हो' दाबलं की संपलं. डीसीपी आम्ही मुंबईच्या एका लॅबकडून करून घेतला होता. महोत्सवात फिल्मला परीक्षकांचा विशेष उल्लेख मिळाला. मानपत्रात जिजींच्या आवाजाच्या खोलीबद्दल दोन वाक्यं होती: जमिनीतून वर येतो आहे असा गंभीर, संथ स्वर. आम्हाला फार आनंद झाला. निर्मात्याने त्याच दिवशी पोस्टर बदललं.

आता दाखवायला हरकत नव्हती. डिस्क कुरियरने परत आली होती आणि पुढच्या महोत्सवाला जायची होती. म्हणून जळगावच्या एका मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या खेळाच्या आधीचा वेळ भाड्याने घेतला. डिस्क तपासून होईल आणि बायकांना त्यांची फिल्म मोठ्या पडद्यावर बघता येईल. पहाटे दोन क्रूझर गाड्या धरणगावमार्गे आल्या. बायका कानबाईला नेसतात त्या साड्या नेसून आल्या होत्या. एसीत सगळ्यांनी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतले. जिजी माझ्या शेजारी बसल्या, पाय वर घेऊन.

पहिलं गाणं सुरू झालं. दोन ओळी झाल्या असतील, जिजी मोठ्याने म्हणाल्या, "हाऊ मन्हा आवाज नई शे."

रेकॉर्डिंग ऐकणारा प्रत्येक माणूस असं म्हणतो, हे आमच्या धंद्यात रोजचंच. आपण आपला आवाज कानाबरोबर कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, त्यामुळे स्वतःला तो जाड वाटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये पातळ. म्हणजे तक्रार नेहमी "आवाज चिरका आला" अशी असते. मी तेच समजवायला गेलो तर जिजींनी मान हलवली. पातळ नाही, जड झालाय, म्हणाल्या. आणि मग मला विचारलं, "भाऊ, तधळ मी बिमार व्हतू का?" म्हणजे, तेव्हा मी आजारी होते का?

मागच्या रांगेतून त्यांची जाऊ म्हणाली, हो, जिजी थकल्यासारखी वाटतेय. ही जाऊ गेली कित्येक वर्षं त्यांची ओळ झेलते आहे. स्वतःचा आवाज ओळखू येत नाही असं होऊ शकतं, पण शेजारी बसून झेलणारीला दुसरीचा आवाज चुकत नाही. मी सरळ बसलो. पुढच्या गाण्याला बायका पडद्याबरोबर गायला लागल्या आणि ते जुळेच ना. ओळ संपून त्या थांबायच्या, पडद्यावरची ओळ मागून यायची. खालच्या स्वरावर उतरायचं तर गळ्यात येत नव्हतं, आपल्या नेहमीच्या जागी लावला तर पडद्यावरच्याशी भांडत होता.

उठून प्रोजेक्शन बूथमध्ये गेलो. लॅपटॉपवर मूळ मिक्स, म्हणजे फिल्मचा आम्ही पक्का केलेला आवाज, होतंच. फोनवरच्या ट्यूनरवर जिजींचा षड्ज मूळ मिक्समध्ये ३७० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे काळी तीन. हॉलमध्ये तोच स्वर ३५५ ला. काळी तीनही नाही, पांढरी चारही नाही, मधेच कुठेतरी लटकलेला. ऑपरेटर शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमची फिल्म सव्वा तासाचीच आहे ना?" सर्व्हरवर ७५ मिनिटं दिसत होती. आमची फिल्म ७२ मिनिटांची आहे.

मग सगळा उलगडा झाला. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. कानबाईच्या मंडपात ट्यूबलाइट, एलईडीच्या माळा, सगळं तिच्यावर लुकलुकत असतं. सेकंदाला २५ फ्रेम आणि पन्नासाव्या भागाचं शटर ठेवलं की ते लुकलुकणं चित्रात येत नाही, म्हणून आम्ही २५ वर शूट केलं. थिएटरचा रूढ वेग मात्र २४. लॅबने सोपा रस्ता घेतला: २५ ची फिल्म तशीच २४ च्या वेगाने सोडून दिली, आवाजही तिच्याबरोबर ओढला. दर २४ मिनिटांमागे एक मिनिट वाढतं आणि पट्टी अर्ध्या स्वराहून थोडी कमी उतरते. युरोपात टीव्हीवर २४ चे सिनेमे वर्षानुवर्षं २५ वर पळवून दाखवले गेले, तिथे आवाज चढायचा. आमचा उतरला.

लॅबला तिथूनच फोन लावला. कामाच्या कागदावर २५ स्पष्ट लिहिलेलं होतं. तिथला माणूस म्हणाला, सगळ्यांचं असंच करतो, आजवर कुणाची तक्रार नाही, महोत्सवात कोण पट्टी मोजत बसतंय? मुलाखतींच्या फिल्मला चालत असेलही. पण जिथे गाणं हाच विषय आहे तिथे गाणं चार टक्के सैल करून विकणाऱ्या माणसाला मी तंत्रज्ञ म्हणणार नाही. बोललेला शब्द उतरला तरी अर्थ पोचतो. जागरणाचं गाणं बायकांना रात्रभर जागं ठेवायला असतं, त्याची लय ओढली की ते अंगाईकडे झुकतं.

ऑपरेटर चांगला होता. त्याने लॅपटॉप सरळ प्रोजेक्टरला जोडून दिला आणि पहिला खेळ सुरू होण्याआधी दोन गाणी तरी मूळ आवाजात वाजली. दुसऱ्या गाण्याला बायका उठून उभ्या राहिल्या, खुर्च्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत टाळ्या धरल्या, आणि या वेळी ओळ ओळीवर बसली. साफसफाईला आलेली पोरं दारात उभी राहून ऐकत होती.

नंतरचे दिवस भांडणाचे. तीन उपाय होते. चित्र २४ वर ओढायचं आणि सॉफ्टवेअरने फक्त पट्टी वर घ्यायची. म्हणजे स्वर बरोबर, लय ढिलीच, शिवाय टाळ्यांना एक ओलसर धूसरपणा येतो तो मला ऐकवत नाही. दुसरा, आवाजाला हात न लावता दर सेकंदाला चित्राची एक फ्रेम गाळायची. तिसरा, सरळ २५ चा डीसीपी करायचा. नवीन मानकात तो चालतो, जुन्या सर्व्हरवर अडतो, म्हणून बरेच महोत्सव नको म्हणतात. आमचा कॅमेरामन दुसऱ्या उपायाला तयार नव्हता. बोरी नदीकडे निघालेल्या मिरवणुकीचा त्याचा एक लांब पॅन, कॅमेरा आडवा फिरवत घेतलेला शॉट, आहे, फ्रेम गाळल्या की तो पॅन हिसके देतो. पहाटेपासून पाण्यात उभं राहून त्याने तो घेतलेला आहे, त्याचं दुःख मला कळतं. तरी मी मागे हटलो नाही. जिथे २५ चालतं तिथे २५, जिथे नाही तिथे फ्रेम गाळलेली प्रत. तो पंधरवडाभर माझ्याशी बोलला नाही.

राहिला तो विशेष उल्लेख. परीक्षकांनी ज्या आवाजाचं कौतुक केलं तो जिजींचा नव्हता. 'गंभीर', 'संथ', दोन्ही विशेषणं लॅबच्या चुकीची. मी त्या महोत्सवाला सगळं सविस्तर लिहिलं. उत्तर सभ्य आलं: निर्णय बदलत नाही, फिल्म आम्हाला आवडली होती. परीक्षकांना मी दोष देत नाही, त्यांनी जिजींना कधी ऐकलेलंच नव्हतं. पण एक प्रश्न मला सुटत नाही. खरा आवाज खणखणीत आहे, किंचित घाईचा, वरच्या टोकाला फाटतो. त्या आवाजाला हा उल्लेख मिळाला असता का? खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईचं गाणं दुःखी आणि सावकाश असावं अशी शहरातल्या सभागृहाची अपेक्षा असते, हे मी इतर फिल्म बघताना अनेकदा पाहिलंय. आमची फिल्म चुकून त्या अपेक्षेत बसली, असा माझा संशय आहे, आणि तो सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. पुढच्या महोत्सवांतून नकार आले की आता मी कारण शोधत बसतो.

पोस्टरवरून ती पानांची माळ काढावी असं माझं मत. निर्माता म्हणतो, काढलीस तर पुढचं दार कोण उघडेल? त्याचं कर्ज आहे, त्याचं म्हणणं खोटं नाही. सध्या माळ आहे, पण मानपत्रातली ती दोन वाक्यं मी सगळीकडून काढायला लावली.

जिजींना हे सांगायला गावी गेलो होतो. बक्षीस मिळालं होतं ते दुसऱ्याच आवाजाला, असं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, पैसे होते का त्यात? नव्हते. मग त्यांनी विषय सोडला आणि फिल्म गावात कधी दाखवणार ते विचारलं. या श्रावणाच्या आधी दाखवतोय, प्रीमियरचं काय व्हायचं ते होवो. डिस्कच्या डब्यात आता एक कागद चिकटवलेला असतो, इंग्रजीत आणि हिंदीत: ही फिल्म ७२ मिनिटांची आहे, सर्व्हरवर ७५ दिसली तर सुरू करू नका, आधी फोन करा.